प्राणी उलगडण्याआधी अक्षरे वाचावीत

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात मातीचा एक उंच पेला आहे. इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकातला, माया लोकांनी घडवलेला. त्यावर एक म्हातारा देव सिंहासनावर बसला आहे. त्याच्याभोवती पाच तरुण स्त्रिया आहेत. एका बाजूला मुखवटे घातलेले दोघे जण एका बांधलेल्या माणसाचा शिरच्छेद करीत आहेत. आणि सिंहासनाच्या खाली एक ससा हातात कुंचला धरून, जग्वारच्या कातड्याचे वेष्टन असलेल्या पोथीत काही लिहीत बसला आहे.

हे चित्र साहित्याच्या वर्गात दाखवावे आणि ससा इथे काय करतो आहे असे विचारावे. उत्तर ठरलेले असते: ससा म्हणजे चंद्र. शशांक हा शब्द आपल्या जिभेवर असतोच. त्यातच माया चंद्रदेवीच्या कुशीतही ससा दिसतो असे कळले की उत्तरावर शिक्कामोर्तब होते. मग चंद्र म्हणजे स्त्रीत्व, स्त्रीत्व म्हणजे सर्जन, सर्जन म्हणजे लेखन, अशी साखळी आपोआप जुळत जाते. पहिल्यांदा हे चित्र पाहिले तेव्हा आम्हीही याच वाटेने गेलो होतो, हे कबूल केले पाहिजे. उत्तर सर्वस्वी चूक नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. ते अर्धवट बरोबर असल्यामुळे पाहणे तिथेच थांबते. ससा काय 'करतो आहे' असा प्रश्न होता. 'ससा म्हणजे काय' याचे उत्तर मिळाले. लिहिणे हे क्रियापद उत्तरातून गळून गेले.

साहित्याच्या अध्यापनात रुजलेल्या या सवयीविरुद्ध आम्हाला काही म्हणायचे आहे. त्यासाठी माया मृत्पात्रांवरील प्राण्यांचे उदाहरण आम्ही मुद्दाम निवडले आहे, कारण तिथे या सवयीची परीक्षा घेण्याची सोय आहे. एखाद्या कवितेतील पक्षी प्रतीक आहे की नाही, हा वाद वर्षानुवर्षे चालू राहू शकतो. माया पात्रांच्या बाबतीत मात्र एक वेगळी गोष्ट घडली. विद्वानांनी आधी प्राण्यांचे अर्थ लावले आणि नंतर त्याच पात्रांवरची लिपी वाचता येऊ लागली. पात्र स्वतः बोलू लागले, आणि आधीच्या अर्थांपैकी बरेच त्यापुढे टिकले नाहीत.

दक्षिण मेक्सिकोपासून ग्वाटेमाला, बेलीझ आणि होंडुरासपर्यंत पसरलेल्या माया संस्कृतीचा अभिजात कालखंड साधारणपणे इ.स. २५० ते ९०० असा मानतात. या काळातील पात्रांवर जग्वार, माकड, हरिण, वटवाघूळ, घुबड, गिधाड, पाणकावळा, कासव, साप, गोम, डास आणि काजवा असे प्राणी गजबजलेले आहेत. कुंभाराचे चाक माया लोकांकडे नव्हते. मातीच्या वळ्या एकावर एक रचून पात्र उभे केले जाई. ते रंगवले जाई, किंवा माती अर्धवट वाळून घट्ट झाली की भाजण्यापूर्वी तिच्यात आकृती कोरल्या जात. उत्तर युकातानमधील चोचोला शैलीची पात्रे अशा खोल कोरीव कामासाठी ओळखली जातात. बहुतेक उत्तम पात्रांच्या काठाखाली अक्षरांची एक पट्टी धावते. चित्रांत राहणाऱ्या प्राण्यांप्रमाणे या पट्टीतही प्राणी आहेत, आणि पहिली फसगत इथेच झाली.

या पट्टीकडे दीर्घ काळ कुणी गंभीरपणे पाहिले नाही. माया विद्येतील विसाव्या शतकाच्या मध्यातील सर्वांत दबदब्याचे नाव म्हणजे एरिक थॉम्प्सन. पात्रे रंगवणारे कारागीर निरक्षर होते आणि त्यांनी अक्षरे केवळ शोभेसाठी नक्कल केली, असे त्यांचे मत होते. १९७३ साली मायकल को यांनी दाखवून दिले की ही अक्षरे ठरावीक क्रमाने पात्रामागून पात्रावर येतात. म्हणजे तो निश्चित मजकूर आहे. हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु को यांनी त्या मजकुराचा अर्थही आधीच ठरवून टाकला: हे मृताच्या प्रवासासाठीचे स्तोत्र असावे, आणि पात्रांवरचे प्राणी पाताळातले असावेत. पात्रे थडग्यांत सापडतात, तेव्हा त्यांवर मृत्यूखेरीज दुसरे काय असणार, असा तो तर्क होता.

यूरी क्नोरोझोव यांनी १९५२ साली मांडलेल्या पायावर, म्हणजे ही लिपी मोठ्या प्रमाणात उच्चारानुसारी आहे या सिद्धान्तावर, १९८०च्या दशकात डेव्हिड स्टुअर्ट, स्टीव्हन ह्यूस्टन आणि इतरांनी ती पट्टी वाचली. स्तोत्र कुठेच नव्हते. तिथे लिहिले होते: हे अमुक अमुक राजाचे पिण्याचे पात्र, काकावसाठी. काकाव म्हणजे कोकोचे पेय; आपला 'कोको' त्याच शब्दकुळातला. १९८४ साली ग्वाटेमालातील रिओ आसूल येथील एका थडग्यात झाकणाला फिरकीची पकड असलेले एक पात्र सापडले. त्यावरचा 'काकाव' हा शब्द स्टुअर्ट यांनी वाचला, आणि हर्शी या चॉकलेट कंपनीच्या प्रयोगशाळेत त्या पात्रातील अवशेषांत कोकोची रसायने आढळली. वाचन आणि रसायनशास्त्र यांची साक्ष एकमेकांशी जुळली.

आता त्या शब्दाच्या लेखनाकडे पाहावे. 'काकाव' लिहिताना माया लेखक मासा काढतो. मासा म्हणजे 'का' हे अक्षर. जवळ दोन ठिपके दिले की 'का' दोनदा म्हणायचे, आणि शेवटी 'व'चे चिन्ह. ज्याला लिपी ठाऊक नाही त्याला पात्राच्या काठावर मासे पोहताना दिसतात. मग मासा म्हणजे जल, जल म्हणजे पाताळ, पाताळ म्हणजे पुनर्जन्म, असे सुंदर विवेचन करता येते. त्यात गैर काहीच नाही, एवढेच की तो मासा नसून अक्षर आहे. मराठी 'ग'च्या आकारात कुणाला काठी दिसली आणि त्याने तिच्यावर निबंध लिहिला, तर आपण त्याला काय म्हणू?

राजांच्या नावांतही हेच घडले. होंडुरासमधील कोपानच्या एका थोर राजाचे नाव अनेक वर्षे 'अठरा ससा' असे सांगितले जात होते, कारण त्याच्या नावात अठराचा अंक आणि एका कुरतडणाऱ्या प्राण्याचे डोके आहे. तो ससा नव्हता. तो गालांत पिशव्या असलेला, बिळे खणणारा गोफर नावाचा प्राणी निघाला, आणि तोही प्राणी म्हणून आला नव्हता. त्याचे नाव 'बाह', आणि 'बाह' या उच्चाराचा दुसरा अर्थ 'मूर्ती' किंवा 'प्रतिमा'. राजाचे नाव 'वाशाकलाहून उबाह काविल', म्हणजे काविल या देवाच्या अठरा प्रतिमा. प्रतिमा हा शब्द लिहिण्यासाठी वापरलेला प्राणी आपण प्रतिमा समजून बसलो होतो. साहित्याच्या शिक्षकांना याहून नेमका धडा क्वचितच मिळेल.

कोरीव पात्रांचा मजकूर आणखी एक गोष्ट सांगतो. रंगवलेल्या पात्रावर 'त्सिब' हा शब्द येतो. त्याचा अर्थ लिहिणे आणि चित्र रंगवणे असा दोन्ही. कोरलेल्या पात्रावर त्याऐवजी 'युशुल', म्हणजे 'त्याचे कोरीवकाम', असे येते. पात्र कसे घडले हे पात्र स्वतःच अचूक शब्दात सांगते. आपल्याकडेही 'लिख्' या धातूच्या पोटात खरवडणे, रेखाटणे आणि लिहिणे असे सारेच अर्थ आहेत, तेव्हा चित्र आणि लेखन यांच्यामधली भिंत ही सार्वत्रिक वस्तुस्थिती नाही हे आपल्याला तरी उमजायला हवे. तरीही चित्रातील प्राणी पाहायचा आणि शेजारचा मजकूर सोडून द्यायचा, ही सवय आपण सोडत नाही.

अक्षरांतील प्राण्यांचे ठीक आहे, पण चित्रांतील प्राणी तरी प्रतीके असतील की नाही? तिथेही थोडे थांबावे. ग्वाटेमालातील आल्तार दे साक्रिफिसियोस या स्थळी १९६०च्या दशकात उत्खननात सापडलेल्या एका रंगीत पात्रावर सहा विलक्षण आकृती आहेत. कुणी जग्वारचे कातडे ल्यालेला, कुणी सापाशी खेळणारा. त्यावर इ.स. ७५४ची तारीख आहे. रिचर्ड अ‍ॅडम्स यांनी त्याचा अर्थ असा लावला की एका राजस्त्रीच्या अंत्यविधीसाठी निरनिराळ्या नगरांतून आलेले हे मान्यवर पाहुणे होत. १९८९ साली ह्यूस्टन आणि स्टुअर्ट यांनी, आणि स्वतंत्रपणे निकोलाय ग्रूबे यांनी, त्या आकृतींशेजारचे एक चिन्ह वाचले. अर्धा चेहरा जग्वारच्या कातड्याने झाकलेले ते चिन्ह म्हणजे 'वाय'. झोप आणि स्वप्न यांच्याशी नाते असलेला हा शब्द. ते पाहुणे नव्हतेच. प्रत्येक आकृतीशेजारी तिचे नाव, मग 'हा अमुकाचा वाय', आणि मग कुठल्यातरी राजघराण्याचे नाव, असा मजकूर होता. अशा इतर पात्रांवर पेटत्या शेपटीचा कोआटी आहे, अग्निमुखी वटवाघूळ आहे, आणि कानुल या बलाढ्य राजघराण्याचा म्हणून सांगितलेला हरिण-सर्प आहे.

प्रतीकाला नाव नसते आणि पत्ताही नसतो. जग्वार 'म्हणजे सत्ता' असे म्हणताना आपण सगळ्या जग्वारांबद्दल बोलत असतो. पात्रावरचा मजकूर मात्र एका विशिष्ट प्राण्याचे विशिष्ट नाव सांगतो आणि तो कोणत्या घराण्याचा हेही सांगतो. त्याला सामान्य अर्थाच्या पिशवीत कोंबणे म्हणजे एखाद्या माणसाला नावाने हाक मारण्याऐवजी 'मनुष्यत्व' म्हणून हाक मारण्यासारखे आहे.

या 'वाय'ला मराठीत काय म्हणावे, यावर आमच्यात बराच खल झाला. 'वाहन' म्हणता येत नाही. त्यावर कुणी बसत नाही. 'देवक' हा शब्द मोहात पाडतो, कारण तेही कुळाशी जोडलेले असते. परंतु देवक पूज्य असते आणि मंगलकार्यात त्याची प्रतिष्ठा होते. पात्रांवरचे 'वाय' मंगल नाहीत. त्यांच्या गळ्यात उपटलेल्या डोळ्यांच्या माळा आहेत, काहींची हाडे दिसतात, एक तर स्वतःचेच मुंडके कापतो आहे. स्टुअर्ट यांनी पुढे असे मांडले की हे 'वाय' म्हणजे राजदरबारांशी जोडलेल्या, शत्रूवर सोडायच्या करणीच्या आणि रोगांच्या शक्ती असाव्यात. आजच्या युकातेक माया भाषेतही 'वाय' म्हणजे रूप पालटणारा चेटक्या. त्याच्या गोष्टींत आता तो बोकडाचे रूप घेतो, आणि बोकड तर स्पॅनिश लोकांबरोबर त्या भूमीत आला. हे सारे ध्यानात घेता आपल्या भाषेत या कल्पनेच्या सर्वांत जवळ येणारा शब्द 'मूठ' हा आहे. कोकणात किंवा देशावर मूठ मारल्याची गोष्ट ऐकलेल्या माणसाला ती कशाचे 'प्रतीक' आहे असा प्रश्न पडत नाही. ती कुणी मारली आणि कुणावर मारली, हे तो विचारतो. माया पात्रांना हाच प्रश्न विचारायला हवा होता.

येथे आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की सगळ्या पात्रांवर मजकूर नसतो, आणि काहींवरची अक्षरे खरोखरच निरर्थक नक्कल असते. हे खरे आहे. थॉम्प्सन यांचे मत अगदीच हवेतले नव्हते. अभिजात काळाच्या पूर्वार्धातील झाकणाच्या वाडग्यांवर पाणपक्षी आहेत, पेकरी नावाच्या तिथल्या रानडुकराच्या डोक्यांचे पाय असलेली पात्रे आहेत, आणि त्यांतील अनेक मूक आहेत. दुसरा आक्षेप असा की माया लोकांकडेही प्रतीके होतीच. जग्वारचे कातडे सिंहासनावर अंथरलेले असते तेव्हा ते राजसत्तेची खूण असते. हेही आम्ही मान्य करतो. आमचे म्हणणे प्रतीक नसतेच असे नाही. प्रतीक हा वाचनाचा शेवटचा टप्पा असावा, पहिला असू नये, एवढेच आम्ही म्हणतो. मूक पात्राच्या बाबतीतही पक्षी कोणत्या जातीचा, तो चोचीत मासा धरतो की नाही, झाकणाची मूठ म्हणून त्याची मान का वापरली, हे प्रश्न आधी येतात. पुस्तकातला ठरीव अर्थ त्यानंतर.

आपल्याकडे 'आदिबंधात्मक समीक्षा' शिकवताना हा क्रम हटकून उलटा होतो. साप दिसला की जगातले सारे साप एक होतात. अशा वाचनाला उदार आणि विश्वव्यापी म्हणण्याची पद्धत आहे. आम्हाला ते कृपण वाटते, कारण त्यात दुसऱ्याकडून काहीच नवे घ्यावे लागत नाही. आपल्याजवळचाच अर्थ त्याच्या भांड्यात ओतून परत प्यायचा असतो.

ही निव्वळ अभिरुचीची गोष्ट नाही, याचा दाखला कोपानमध्येच आहे. इ.स. ७३१ साली वर उल्लेखिलेल्या राजाने उभारलेल्या एका शिलास्तंभावर वरच्या कोपऱ्यांत लांब वाकड्या नाकाच्या आकृती आहेत. ग्राफ्टन एलियट स्मिथ यांनी १९२४ साली 'एलिफन्ट्स अँड एथ्नॉलॉजिस्ट्स' हे पुस्तक लिहून त्या हिंदुस्थानी हत्तींच्या सोंडा असल्याचे प्रतिपादन केले. माया लोकांना एवढी कला स्वतः सुचणे शक्य नाही, हे त्यामागचे गृहीतक. पुढे १९४० साली चमनलाल यांचे 'हिंदू अमेरिका' निघाले, आणि तिथल्या संस्कृतीचे पितृत्व आपल्याकडे घेण्याचा सोहळा आपल्या देशातही सुरू झाला. तो अजून संपलेला नाही. 'माया' या नावातच मयासुर सापडल्याचा आनंद व्यक्त करणारे आजही भेटतात. त्या स्तंभावरचा मजकूर वाचता आला तेव्हा तिथे 'मो वित्स' असे लिहिलेले आढळले: मकाव पोपटाचा डोंगर. सोंडा म्हणजे पोपटांच्या चोची होत्या. स्मिथ आणि आपले अभिमानी बांधव यांचे हेतू अगदी भिन्न, पण दोघांची वाचनपद्धती एकच: दुसऱ्याचा प्राणी पाहायचा, त्याची अक्षरे सोडायची आणि त्यात आपला प्राणी ओळखायचा. वर्गातील 'ससा म्हणजे चंद्र' हे उत्तर निरागस असते, पण ते याच रस्त्यावरचे आहे.

पात्रे मूक होण्याला आणखी एक कारण आहे आणि त्याची जबाबदारी केवळ समीक्षकांवर टाकता येत नाही. आज जगभरच्या संग्रहालयांत दिसणारी कितीतरी माया पात्रे चोरट्या खोदकामातून बाहेर आली. कोणत्या थडग्यातून, कोणाशेजारून, कशाबरोबर, ही माहिती कायमची नष्ट झाली. अमेरिकेने पेतेनमधील पुरावस्तूंच्या आयातीवर तातडीचे निर्बंध घातले ते १९९१ साली. तोवर बरेच काही निघून गेले होते. जस्टिन केर यांनी पात्र फिरवत त्याचे अखंड उलगडलेले छायाचित्र घेण्याची पद्धत वापरून हजारो पात्रे अभ्यासकांसमोर आणली. तिच्यावाचून वर सांगितलेले वाचन अवघड झाले असते. पण त्या उलगडलेल्या पट्ट्यांत पेला सपाट होतो आणि त्याचे गाव दिसत नाही. पत्ता हरवलेल्या वस्तूंवरच प्रतीकांचे रान सर्वांत जोमाने माजते. म्हणून उरलेला एकमेव पत्ता, म्हणजे त्यांच्यावरची अक्षरे, अधिक काळजीने वाचायला हवा.

शिवाय ही माणसे नाहीशी झालेली नाहीत. माया भाषा बोलणारे लक्षावधी लोक आज मेक्सिको आणि ग्वाटेमालात आहेत. त्यांतल्याच किचे समाजातील रिगोबेर्ता मेंचू, १९९२च्या नोबेल शांतता पारितोषिकाच्या मानकरी. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मकथनात, प्रत्येक माणसाबरोबर जन्मणाऱ्या सहचर प्राण्याविषयी त्या सांगतात, आणि स्वतःचा प्राणी कोणता हे सांगायला नकार देतात. आत्मकथन शिकवणाऱ्या प्रत्येकाने या नकारापाशी थांबावे. ज्याला आपण सरसकट अर्थ लावून मोकळे होतो, ती गोष्ट त्या स्त्रीच्या लेखी एवढी खरी आहे की ती उघड करता येत नाही. प्रतीक असते तर लपवण्याचे कारण नव्हते.

आता पुन्हा त्या सशाकडे. दुसऱ्या एका पात्रावर हाच म्हातारा देव उघडा पडला आहे, आणि त्याची टोपी व वस्त्रे सशाच्या हातात आहेत. शेजारच्या मजकुरात ससा त्याला चक्क अपमानास्पद शब्द ऐकवतो. म्हणजे या दोघांची एक गोष्ट होती. श्रीमंत, ऐदी, म्हाताऱ्या देवाची एक चतुर प्राणी फजिती करतो, अशी. प्रिन्स्टनच्या पेल्यावर सिंहासनाखाली बसून तो ससा जे लिहीत आहे त्याला त्या गोष्टीत काही जागा असणार. ती पोथी आपल्याला वाचता येत नाही; पण तो लिहितो आहे हे तरी आपल्याला दिसले पाहिजे.

आमची मागणी फार मोठी नाही. एखाद्या विद्यार्थ्याने कवितेतला किंवा पात्रावरचा प्राणी 'कशाचे प्रतीक' हे सांगितले की लगेच गुण देऊ नयेत. त्याला विचारावे: याचे नाव काय, हा काय करतो आहे, आणि शेजारी काय लिहिले आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्यावरही त्याला प्रतीकाची गरज वाटली, तर त्याने ते खुशाल सांगावे. आमचा अनुभव असा आहे की बहुतेक वेळा ती वाटत नाही.